एचआयव्ही आणि अंगावरचे दूध

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके दुधदुभत्याचे असल्यामुळे, एचआयव्हीसह जगणारी स्त्री बाळंत झाली की तिने अंगावर न पाजता बाळाला गाईचे अथवा डब्याचे दूध घालावे, हा सल्ला आप्तेष्टांच्या तोंडून सहज, आणि हितबुद्धीनेच, निघतो. या समजाला एके काळी आधार होता. स्तन्यातून विषाणूचा संसर्ग होऊ शकतो हे खरेच असून, मातेस औषधे मिळत नसत तेव्हा डॉक्टरही सोय असल्यास वरच्या दुधाची शिफारस करीत. परंतु गरोदरपणातच निदान होऊन एआरटीच्या (विषाणूला रोखणाऱ्या औषधांच्या) गोळ्या सुरू झाल्या, मातेने त्या अखंड घेतल्या आणि बाळालाही जन्मापासून ठरल्या मुदतीपर्यंत औषध पाजले, म्हणजे हा धोका फारच थोडा उरतो. उलट दूषित पाण्याचा व बाटलीचा धोका तसाच राहतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांच्या १४८ अर्भकांपैकी पहिल्या सहा महिन्यांत ज्यांना इस्पितळात दाखल करावे लागले, ती सारी वरच्या दुधावरची होती.

याहून घातक समज असा की, दोन्ही दुधे थोडीथोडी दिल्यास धोका निम्मा होतो. वस्तुतः वरच्या पदार्थांनी अर्भकाच्या आतड्याचे कोवळे अस्तर दुखावते आणि विषाणूस वाट मिळते. वरचे दूध म्हणजे केवळ बाटली नव्हे; जन्मतः चाटवलेले मधाचे बोट आणि सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून दिलेली बाळगुटीही त्यातच मोडते. जिने आपली व्याधी नवऱ्याखेरीज कोणास सांगितलेली नाही, त्या सुनेने सासूच्या हातची गुटी नाकारावी कशी, हा खरा पेच आहे. तथापि पहिले सहा महिने निव्वळ आईचेच दूध, पाण्याचा थेंबही नाही, हा नियम सरसकट सर्व मातांना लागू असल्याने, गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी तो घरच्या वडीलधाऱ्यांना समजावला तर कशाचाही बभ्रा होत नाही; अंगावर न पाजण्यानेच शेजारणींच्या मनात शंका येते. गोळ्या खंडित झाल्या असतील, स्तनाग्रांना भेगा पडल्या असतील, किंवा मातेने विचारपूर्वक केवळ वरचेच दूध द्यावयाचे ठरविले असेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला तातडीने घ्यावा.

सहा महिन्यांनी अंगावरचे एकाएकी तोडावे, हेही खरे नाही. मऊ भात, वरण सुरू करून, मातेचे औषध चालू असता, किमान वर्षभर आणि पुढे दोन वर्षांपर्यंतही पाजण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच मान्यता दिली आहे. तसेच मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात राहत असल्याने, अठरा महिन्यांपूर्वी प्रतिपिंडे शोधणारी नेहमीची चाचणी सकारात्मक आली एवढ्यावरून बाळास लागण झाली असे ठरत नाही. प्रत्यक्ष विषाणू आहे का हे पाहण्याकरिता सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवून प्रयोगशाळेकडे रवाना करतात.