ताईंसारखं मला जमणार नाही

आमचं पावणे गाव ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, एमआयडीसीच्या कारखान्यांच्या शेजारी. कारखाने आले, पुढे नवी मुंबई वसली, भातशेती गेली. पण गावातली कबड्डी काही गेली नाही. आमच्या आगरी-कोळ्यांच्या गावांत पोरगं धावायला लागलं की मैदानाच्या रेषेवर जाऊन उभं राहतं. मी मुलगी असून उभी राहिले. पुढे एका कंपनीच्या संघातून व्यावसायिक गटात नऊ वर्षं खेळले. माझी जागा उजव्या कोपऱ्याची. घोटा धरायचा आणि धरला की सोडायचा नाही, हे माझं काम.

गुडघ्याने साथ सोडली, तेव्हा एका महाविद्यालयाने मुलींच्या संघाला शिकवायला बोलावलं. मला वाटलं, यात कठीण ते काय? जे आयुष्यभर केलं तेच दाखवायचं. आज त्या गैरसमजाविषयीच बोलायचं आहे. कारण त्याची किंमत मी मोजली नाही, एका मुलीने मोजली.

पहिल्याच वर्षी एक मुलगी संघात आली. नजर तेज, अंगात चपळाई. मी तिला माझ्याच जागी, उजव्या कोपऱ्यात उभं केलं. ‘अशी बस, असा घोटा धर, वेळेवर धर,’ एवढंच माझं शिकवणं. तिचे तळवे लहान, हात आखूड. घोटा प्रत्येक वेळी निसटायचा. मी चिडायचे, चारचौघींत बोलायचे. दोन महिन्यांनी ती यायची बंद झाली. मैत्रिणीजवळ म्हणाली, ‘ताईंसारखं मला जमणार नाही.’

खरं म्हणजे तिला माझ्यासारखं जमायची गरजच नव्हती. कोपऱ्याऐवजी मध्ये उभी राहून, शेजारणीचा हात धरून साखळीने चढाई करणारीची वाट अडवणं, हा तिचा खेळ होता. हे मला कळलं तोवर ती नोकरीला लागली होती.

असं का होतं? खेळाडूचं ज्ञान अंगात असतं, जिभेवर नसतं. ‘वेळेवर धर’ म्हणजे नेमकं केव्हा, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. मग एक वही केली आणि एकेक पकड सुटी करून लिहायला लागले. उदाहरणार्थ, समोर सहा किंवा सात जणी असतील तर चढाई करणारीला बोनस गुण मिळवता येतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकताना दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे तेवढा क्षण तिचा सगळा भार एकाच पायावर. घोट्याला हात घालायचा तो क्षण हा! अंगाने मला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. वाक्यात मांडायला मात्र दीड वर्ष लागलं. आता मी मुलींना ‘वेळेवर’ म्हणत नाही. ‘तिचा मागचा पाय उचलला का बघ,’ असं म्हणते.

या बाबतीत ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकण्यासारखं आहे, त्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. एशियाडमध्ये महिलांची कबड्डी २०१० साली आली. त्या वर्षी आणि २०१४ साली सुवर्णपदक भारताचंच. २०१४च्या अंतिम सामन्यात आपण इराणला ३१-२१ असं हरवलं होतं. त्याच इराणच्या महिला संघाला शिकवायला शैलजाताई गेल्या. महाराष्ट्रात अनेक वर्षं मुली घडवल्यानंतरचं हे परक्या मुलखातलं काम. अडचण पहिली, भाषेची. मुलींना मराठी-हिंदी येण्याचा प्रश्नच नव्हता. शैलजाताई स्वतः फारसी शिकल्या. सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणला.

प्राणायाम कशाला, असं काहींना वाटेल. चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ ‘कबड्डी कबड्डी’ हा दम न तोडता म्हणायचा, पळायचं, वाकायचं, शिवाय सात जणींवर नजर ठेवायची. श्वास डळमळला की आधी डोकं जातं, मग पाय. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारी बाद. त्या वेळी शांत श्वासासारखं दुसरं शस्त्र नाही.

२४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तामध्ये इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं आणि सुवर्णपदक नेलं. मी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. आपल्या मुली हरल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त मनात राहिलं ते हे, की शिकवणाऱ्या बाईने आधी शिष्यांची भाषा शिकून घेतली होती. मी तर मराठीत बोलूनही त्या मुलीची भाषा शिकले नव्हते.

दुसरं उदाहरण बास्केटबॉलचं आहे, अमेरिकेतलं. डॉन स्टेली ही खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली. २००० साली तिने टेम्पल विद्यापीठाच्या महिला संघाचं प्रशिक्षण हाती घेतलं, तेव्हा ती स्वतः व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती आणि २००६पर्यंत खेळत राहिली. २००८मध्ये ती साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेली. तिथल्या संघाने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते २०१७ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. पुढे २०२२ आणि २०२४ मध्येही मिळवलं. यातला नऊ हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या खेळाडूलाही संघ उभा करायला नऊ वर्षं लागली, आणि विद्यापीठाने तिला तेवढी दिली.

आमच्याकडे महाविद्यालयातल्या मुलीची तीन वर्षंच हातात असतात. पहिलं ओळखीत जातं, तिसरं परीक्षेत आणि घरच्यांच्या ‘आता पुरे’मध्ये. शिकवणाऱ्याची नेमणूक बहुधा मोसमापुरती. म्हणून आम्ही घाईने चषकाच्या मागे लागतो, आणि घाईत प्रत्येकीला आपल्याच साच्यात बसवतो. माजी खेळाडूला प्रशिक्षक केलं म्हणजे काम झालं, असं संस्थांनाही वाटतं. तसं नसतं. खेळणं हा एक व्यवसाय, शिकवणं हा दुसरा. आणि दुसऱ्याची उमेदवारी पहिल्या दिवसापासून नव्याने करावी लागते.

आता नवी मुलगी आली की पहिले पंधरा दिवस मी तिला काहीच शिकवत नाही. नुसतं खेळू देते. ती कुठे उभी राहते, घाबरली की कुठल्या बाजूला सरकते, हे वहीत टिपते. मग जागा ठरवते. गेली दोन वर्षं संघातली एकही मुलगी मोसमाच्या मध्यावर सोडून गेलेली नाही. चषकही एकच आला, तोही उपविजेतेपदाचा.

ती पहिली मुलगी कधीमधी कोपरखैरणे स्टेशनवर भेटते. संघाची चौकशी करते. मी म्हणते, ‘ये ना एकदा, मध्ये उभी राहून बघ.’ ती हसते, गाडी आली की चढते. अजून आलेली नाही. मी मात्र दर वेळी विचारते.