पोलादाचा थकवा (भाग 5) : हंगाम संपल्यावर सुरू होणारी झीज

हिंजवडीच्या आयटी पार्कात टर्बाइनच्या पात्यांवरचा ताण संगणकावर काढणारे अभियंते आहेत. त्यांचे आकडे छाती दडपवणारे असतात. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या यंत्रात अक्षापासून मीटरभर लांब असलेले किलोभर पोलाद सुमारे दहा टनांच्या जोराने बाहेर खेचले जाते. दिवसाचे फेरे 43 लाख 20 हजार, आणि प्रत्येक फेऱ्यात वाफेचे धक्के वेगळेच. या माऱ्यातही पाते वर्षानुवर्षे टिकते, कारण कोरड्या, स्वच्छ वातावरणात पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर तडा सहसा सुरूच होत नाही. क्षार आणि ओल आली की ही मर्यादाच नाहीशी होते.

ही ओल कुठून येते, ते पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीत नीट दिसते. इव्हॅपोरेटरमधले गरम पाणी बॉयलरला परत देतात. त्यात रसाचा अंश उतरला तर बॉयलरच्या उष्णतेने साखरेची आम्ले होतात आणि पाणी फेसाळून क्षार वाफेबरोबर टर्बाइनकडे जातात. म्हणून प्रयोगशाळेत अल्फा-नॅप्थॉलची चाचणी सतत चालते. परीक्षानळीत जांभळे कडे दिसले की ते पाणी बॉयलरला द्यायचे नाही. कंडेन्सिंग टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांत वाफेचे पहिले थेंब धरतात आणि उरलेले क्षार त्या थेंबांत एकवटतात.

तरीही मला जास्त काळजी वाटते ती गाळप थांबल्यानंतरच्या महिन्यांची. पात्यांवर क्लोराइडचा थर तसाच असतो. मुख्य झडप जराशी गळत असेल तर आत वाफ झिरपत राहते; नाहीतर जून-जुलैची दमट हवा आहेच. थर ओल शोषतो, आणि 12-13 टक्के क्रोमियमच्या पोलादालाही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. दिवाळीच्या सुमारास यंत्र सुरू झाले की ताण नेमका त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो. तडा तिथून निघतो. आत कोरडी हवा फिरवून आर्द्रता 40 टक्क्यांखाली ठेवणारे यंत्र हा खर्च अनाठायी मानणे मला पटत नाही.

पाते तुटले की काय होते, हे 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात दिसले. कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. तोल बिघडून यंत्र हादरले, जनित्रातला हायड्रोजन गळून पेटला, आग केबलींतून पसरली आणि केंद्र सुमारे 17 तास विजेविना राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पुढे त्या पात्यांच्या मुळाची रचना बदलण्यात आली.

पात्याचे मूळ रोटरच्या खाचेत बसलेले असते, त्यामुळे तिथला तडा डाय पेनिट्रंट (डीपी) किंवा चुंबकीय कणांच्या (एमपीआय) तपासणीत दिसेलच असे नाही. तो अल्ट्रासॉनिक लहरींनी कसा शोधतात, ते पुढच्या आठवड्यात.