शक्तिमानचा पाठ आणि वेताळाचा प्रश्न

अद्भुतकथा म्हणजे निव्वळ करमणूक, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः अद्भुताच्या आवरणाखालून लोकशिक्षण करण्याची परंपरा जुनीच. दूरदर्शनने तिला केवळ नवे साधन दिले. १९९७ साली सुरू होऊन २००५ पर्यंत चाललेली ‘शक्तिमान’ ही मालिका त्याचे ठळक उदाहरण होय. मुकेश खन्ना यांनी रंगविलेला हा नायक योगसाधनेतून लाभलेल्या सामर्थ्याने तमराज किल्विषाच्या अंधाराशी झुंज देई आणि भागाच्या अखेरीस मुलांना छोटासा पाठ देई. चुकलेले मूल क्षमा मागे आणि प्रश्न मिटे.

हा उपदेश अनिष्ट होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यामागील समाजदर्शन तपासून पाहण्याजोगे आहे. दोष माणसाच्या सवयीत असतो, सवय सुधारली की जग सुधारते आणि संकट फारच मोठे असेल तर त्राता आकाशातून उतरतो, असा त्याचा मथितार्थ. शहापूर तालुक्यातील किन्हवलीसारख्या गावातून पाहिले की यातील उणीव ध्यानी येते. तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. तालुक्यातील कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील मुलाला स्वच्छतेचा पाठ कोणत्या तोंडाने द्यावा? येथे दोष सवयीत नाही, पाण्याच्या वाटपात आहे. आणि वाटप हा राजकारणाचाच विषय होय.

रामानंद सागर यांनी १९८५ साली छोट्या पडद्यावर आणलेल्या ‘विक्रम और बेताल’ची रीत निराळी होती. ‘कथासरित्सागरा’तही आढळणाऱ्या या कथांतील वेताळ उपदेश करीत नाही, अपराध कोणाचा, हक्क कोणाचा, असे राजालाच विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर आणि राजाची पायपीट नव्याने सुरू. जाणत्या सत्तेला मौनाची मुभा नाही आणि एका उत्तराने तिची सुटकाही नाही, असा हा धडा आहे.

ग्रामीण भागातील शिक्षकांना त्याचा उपयोग अधिक. धरण उशाला असताना कोरड घशाला का, हे वर्गातील मुलांनी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे. मुलांना आज्ञाधारक बनविणाऱ्या पाठापेक्षा अशा प्रश्नाची सवय लोकशाहीला अधिक उपकारक ठरेल.