नकाशावरचे चौकोन

कुर्डुवाडी–धाराशिव–लातूर रोड या लोहमार्गाचे विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी त्याचा नकाशा काढताना विजेच्या प्रत्येक कुंपणाला मी ‘उपकेंद्र’ समजून एकच चौकोन दिला.

आबांना अक्षरओळख नाही. पण चौकोन मोजता येतात. ते म्हणाले, “एवढी सबस्टेशनं हायती, मग आपली मोटार रातचीच का?”

मी पुन्हा वाचले. उपकेंद्र तेच, जिथे मनोऱ्यांवरून उच्चदाबाची वीज येते आणि रोहित्र तिचा दाब २५,००० व्होल्टवर उतरवते. दोन उपकेंद्रांच्या मध्ये विभाजन चौकी असते. शेजारच्या उपकेंद्रांचे फेज वेगळे असल्याने त्यांचा पुरवठा तिथे अलग ठेवतात. एक बंद पडले, तर दुसऱ्याची वीज तिथूनच पुढे सोडतात. उपविभाजन चौकीत फक्त बिघडलेला तुकडा तोडता येतो. दोन्ही चौक्या म्हणजे मोठे खटकेच.

मी तीन चिन्हे केली : भरीव चौकोन, पोकळ चौकोन, वर्तुळ.

आबांना सांगितले, “खरी सबस्टेशनं ही भरीव तेवढीच. त्यांतली वीजही सिंगल फेज, इंजिनापुरती. आपल्या मोटारीला थ्री फेज लागते.”

“मग आधी तसंच काढायचं,” आबा म्हणाले.