‘यंग इंडिया’च्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे पुनःप्रकाशन

1935 हे साल ग्रामोफोनच्या इतिहासात दोन लहान उद्योगांमुळे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅबलर नावाच्या एका दुकानदाराने असे पाहिले की, जॅझ संगीताच्या दहा-दहा वर्षांपूर्वीच्या उत्तम ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपन्यांच्या यादीतून गळून गेल्या आहेत; गिऱ्हाईक मागत आहे, परंतु माल नाही. त्याने कंपन्यांकडे पडून असलेले धातूचे साचे मिळवून त्यांवरून पुन्हा तबकड्या काढविल्या, आणि ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ ह्या छापाखाली त्या विकण्यास आरंभ केला. शिवाय त्याने तबकडीच्या कागदी बिल्ल्यावर वादकांची नावे छापली. तोपर्यंत वाद्यवृंदाच्या चालकाचे नाव तेवढे असे. कर्णा कोणी फुंकला आणि पियानो कोणी वाजविला, हे विकत घेणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता. जुन्या ध्वनिमुद्रिकेचे पुनःप्रकाशन म्हणजे नुसती नक्कल नव्हे, ते संपादन आहे, ही जाणीव ह्या बिल्ल्यांपासून सुरू झाली असे म्हणता येते.

त्याच 1935 साली मुंबईत ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी ह्याचा निग्रो वादकांचा संच जॅझ वाजविण्यास आला, आणि त्याच साली त्याच शहरात नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. हॉटेलातले संगीत थोड्या धनिकांचे होते. नव्या कंपनीची तबकडी मात्र साध्या मध्यम घरातल्या चावीच्या ग्रामोफोनसाठी होती. तिच्या छापाचे नाव ‘यंग इंडिया’. गांधीजींच्या साप्ताहिकामुळे हे नाव सुशिक्षितांच्या कानावरून गेलेले होतेच.

ह्या कंपनीचे धाडस समजण्यासाठी त्या काळचा बाजार डोळ्यांसमोर आणला पाहिजे. हिंदुस्थानातले पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यास झाले, आणि तेव्हापासून ग्रामोफोन कंपनीचा म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा ह्या धंद्यावर पगडा बसला. कलकत्त्याजवळ डमडम येथे तिचा मोठा कारखाना होता, आणि अनेक देशी छापांच्या तबकड्याही तेथूनच काढवून घ्याव्या लागत. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुलीवर आपला स्वयंपाक! ‘यंग इंडिया’ने तबकड्या घडविण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. नामवंत गायक बहुधा मोठ्या कंपनीच्या करारात बांधलेले असत. तेव्हा ह्या कंपनीने नवशिक्या, हौशी आणि होतकरू कलावंतांकडे मोर्चा वळविला. 1935 ते 1955 ह्या वीस वर्षांत तिने 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर दहा हजारांहून अधिक नावांची निर्मिती केली. त्यांत चित्रपटगीते होती, सुगम गाणी होती, शास्त्रोक्त गायन-वादनही होते. नंतर कंपनी बंद पडली.

मोठी कंपनी हात बदलते, नाव बदलते, पण तिचे दप्तर टिकते. ग्रामोफोन कंपनी पुढे 2000 साली ‘सारेगामा’ झाली, तरी जुन्या मुद्रणांवरून नव्या तबकड्या, कॅसेटी आणि सीडी निघतच राहिल्या. लहान कंपनी बुडाली म्हणजे तिचे सारेच विखुरते. पूर्वी ध्वनिमुद्रण प्रथम मेणाच्या जाड चकतीवर होई. तिच्यावर धातूचा पातळ थर चढवून उलटा ठसा घेत, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून पुन्हा छापण्याचा उलटा साचा. हा धातूचा संग्रह म्हणजेच कंपनीची खरी मिळकत होय. गॅबलरला तो हाताशी मिळाला म्हणून त्याच्या तबकड्या जवळजवळ नव्याकोऱ्या निघाल्या. ‘यंग इंडिया’च्या बाबतीत ज्यांनी हे काम हाती घेतले, त्यांना घरोघर वाजवून झिजलेल्या, लाखेच्या, फुटक्या-तुटक्या तबकड्यांवरूनच सुरुवात करावी लागली.

हे काम संग्राहकांनी केले. 1990 साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरेश चांदवणकर आणि मायकेल किनिअर ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त संग्रहांसाठी असलेल्या योजनेतून, ह्या शतकाच्या पहिल्या दशकात, ‘यंग इंडिया’च्या तबकड्या, सूचिपत्रे आणि जाहिरातींचे कागद ह्यांचे अंकीय जतन करण्याचा प्रकल्प चांदवणकरांनी हाती घेतला. सूचिपत्रांचा समावेश झाला ही गोष्ट विशेष होय. तबकडी हरवली तरी ती कधीकाळी निघाली होती, एवढे तरी सूचिपत्र सांगते.

येथे एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. ‘रिमिक्स’ हा शब्द हल्ली इतका सैल वापरला जातो की, जुन्या गाण्याखाली नवा ठेका घातला म्हणजे रिमिक्स झाले, अशी समजूत पसरली आहे. कॅसेटींच्या काळात हिंदी चित्रगीतांवर ‘झंकार बीट्स’ चढवून विकण्याचा जो प्रकार झाला, त्याने ही समजूत पक्की केली. मूळ अर्थ वेगळा आहे. ध्वनिफितीवर निरनिराळ्या वाद्यांसाठी निरनिराळे पट्टे राखून ध्वनिमुद्रण केले असेल, तर ते पट्टे पुन्हा नव्या प्रमाणात एकत्र करणे, हे खरे पुनर्मिश्रण. माइल्स डेव्हिस ह्या जॅझवादकाची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका 1959 साली तीन पट्ट्यांच्या फितीवर घेतली गेली. त्या दिवशीचे एक यंत्र किंचित मंद चालले, आणि त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी बाजारात आली ती थोड्या चढ्या स्वरात. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरचे विद्यार्थी त्या चढ्या स्वराशी आपले वाद्य जुळविण्याची खटपट करीत राहिले! दुसऱ्या, बरोबर चाललेल्या यंत्राची फीत जपून ठेवलेली होती, म्हणून 1992 साली ही चूक सुधारता आली. आणि 1997 साली मूळ तीन पट्ट्यांवरून नवे मिश्रणही करण्यात आले.

‘यंग इंडिया’च्या तबकडीचे असे पुनर्मिश्रण होणे शक्य नाही. तिच्यात गायक, तबला, पेटी, सारंगी हे सर्व एकाच चरीत, एकाच वेळी कोरले गेले आहेत. त्या काळी मिश्रण पायांनी होत असे. तबलजीला चार पावले मागे बसवावयाचे, गायकाला पुढे आणावयाचे, पेटीवाल्यास एका अंगाला करावयाचे. जो जेथे बसला तेथेच तो कायमचा राहिला. अमेरिकेतही हेच. 1923 साली इंडियाना प्रांतातील जेनेट ह्या लहान कंपनीत किंग ऑलिव्हरचा संच वाजला, तेव्हा तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कर्णा इतका दणदणीत होता की, त्याला इतरांपासून पुष्कळ मागे उभे केले होते, अशी आठवण सांगतात. त्याचे ते मागे उभे राहणे आज कोणत्याही यंत्राने बदलता येत नाही, आणि बदलूही नये.

मग पुनःप्रकाशकाच्या हाती उरते तरी काय? पुष्कळ उरते, आणि त्यातले सर्वांत नाजूक काम गतीचे.

78 फेऱ्यांची तबकडी असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जुनी ध्वनिमुद्रणे सर्वच नेमक्या 78 फेऱ्यांनी झालेली नाहीत. समजा, एखादे गाणे मिनिटास 74 फेऱ्यांच्या गतीने कोरले गेले, आणि आज ते डोळे मिटून 78 ने वाजविले. गती शेकडा पाचांहून अधिक वाढली. सप्तकात दोन लगतच्या स्वरांमधील अंतर शेकडा सुमारे सहा असते. म्हणजे काळी एक पट्टीत गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. प्रौढ आवाज कोवळा होतो, कोवळा आवाज चिरका होतो. तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे तीन मिनिटे दहा सेकंदांत उरकते. तानेला जी तयारी नव्हती ती चिकटते, आणि आलापाला जो विसावा होता तो हिरावला जातो. गायक हयात नाही, त्याचे दुसरे ध्वनिमुद्रण नाही, अशा वेळी ही चुकीची गती म्हणजेच त्याची कायमची ओळख ठरते. ‘यंग इंडिया’ने ज्या हौशी कलावंतांना एकदाच संधी दिली, त्यांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, कारण नामवंताच्या वीस तबकड्या परस्परांशी ताडून पाहता येतात, एका तबकडीच्या गायकाला साक्षीदार नाही.

खरी गती शोधण्याचे काही उपाय आहेत. साथीला पेटी असेल तर तिचे सूर पक्के बांधलेले असतात. ती कोणत्या पट्टीत पडते हे पाहून तर्क करता येतो. मात्र सर्व पेट्या एकाच मापाने जुळविलेल्या नसत, म्हणून ही साक्ष अर्धीच मानावी. विजेच्या साधनांनी घेतलेल्या मुद्रणात कधीकधी मुख्य प्रवाहाची मंद गुणगुण उतरलेली असते. तिची कंपने ठाऊक असल्याने तिच्यावरून गती काढता येते. आणि शेवटी मुरलेला कान. गायकाच्या गळ्याचा ठाव ज्याने घेतला आहे, त्याला खोटी पट्टी खटकतेच.

दुसरे काम सुईचे. ह्या तबकड्यांची चर पुढे आलेल्या दीर्घवादन तबकडीच्या मानाने बरीच रुंद. तिला सुमारे एक सहस्रांश इंच टोकाची सुई लावली तर ती चरीच्या तळाशी लोळते आणि धूळ तेवढी वाचते. तीन सहस्रांशांच्या आसपासची सुई लागते. जुन्या पोलादी सुईने भिंतीचा जो भाग घासला असेल, त्याच्या किंचित वर किंवा खाली टेकणारी सुई निवडली, तर पन्नास वर्षे वाजलेल्या तबकडीतूनही न झिजलेला आवाज निघू शकतो. चरीच्या दोन्ही भिंतींवर एकच आवाज कोरलेला असतो, तेव्हा त्यांपैकी कमी जखमी भिंत वाचावी, हीही युक्ती आहे.

तिसरे काम सफाईचे, आणि येथेच बहुतेकांचा तोल सुटतो. तडतड काढून टाकणे सोपे. तडा हा क्षणाचा असतो. खरखर मात्र गाण्याच्या अंगातच मुरलेली असते. तिचा वावर ज्या उंच कंपनांत, तेथेच तंबोऱ्याची झणझण, तेथेच ‘स’ आणि ‘श’ ह्यांची धार. यंत्राची गाळणी घट्ट केली की खरखर जाते आणि तंबोराही जातो. गायक कापूस भरलेल्या खोलीतून गात असल्यासारखा वाटतो. खालच्या बाजूसही तेच. तुळजापूरच्या गोंधळ्याच्या संबळाची कल्पना करावी: लहान भांड्याचा टणत्कार आणि मोठ्याचा घुमारा ह्यांच्या जोडीनेच तो संबळ होतो. चाकाची घरघर घालविण्यासाठी खालचे स्वर छाटले, तर टणत्कार उरेल आणि घुमारा जाईल. डग्ग्याचेही असेच होते. त्यापेक्षा थोडी खरखर सोसावी. कान पाव मिनिटात तिला सरावतो. गेलेला तंबोरा मात्र कोणत्याही कानाला परत ऐकू येत नाही. चांगला पुनःप्रकाशक म्हणून एक प्रत अजिबात साफ न करता ठेवतो, दुसरी ऐकण्यासाठी तयार करतो, आणि कोणती गती, कोणती सुई, कोणती गाळणी वापरली हे लिहून ठेवतो.

कायद्याचा प्रश्न पुष्कळांना पडतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर साठ वर्षे टिकतो. कंपनीने अगदी 1955 साली काढलेल्या तबकडीचाही हा हक्क 2015 अखेर संपला. गीताचे शब्द आणि चाल ह्यांचे हक्क मात्र वेगळे असतात. ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात.

‘यंग इंडिया’ची बरीच गाणी अजून कोणाच्या तरी माळ्यावर असण्याचा संभव आहे. धाराशिव, तुळजापूर, परांडा, उमरगा अशा गावांच्या जुन्या वाड्यांत ग्रामोफोनची पेटी निघाली, तर आधी खालच्या तबकड्यांकडे पाहावे. त्या आडव्या रचल्या असतील तर उभ्या कराव्या. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली लाख वाकते, आणि वरच्या वजनाने तडकते. पुसण्यास स्पिरिट मुळीच वापरू नये. लाख त्यात विरघळते. जुन्या यंत्रावर ‘एकदा लावून पाहू’ हा मोह टाळावा. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घालावयाची असते, आणि गंजलेली सुई एका फेरीत उरलेसुरले खरवडून नेते. बिल्ला फाटला असेल तरी हताश होऊ नये. चर संपते तेथे, बिल्ल्याच्या कडेला, गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे दाबलेले असतात. तबकडी उजेडात तिरपी धरून ते उतरून घ्यावेत. जतन झालेल्या सूचिपत्रांशी आणि संग्राहकांच्या नोंदींशी हे आकडे ताडून गायकाचे नाव परत मिळण्याची शक्यता असते.