पाणीपुरवठा व्यवस्थांचे कार्यमापन
पाणीपुरवठा व्यवस्थांचे कार्यमापन : सार्वजनिक पाणीपुरवठा व्यवस्था नागरिकांना किती, कसे, केव्हा व किती खर्चात पाणी पुरविते, हे ठराविक निर्देशकांच्या साहाय्याने मोजणे आणि त्यावरून निरनिराळ्या शहरांची किंवा एकाच शहरातील निरनिराळ्या वर्षांची तुलना करणे.

निर्देशक : केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नऊ निर्देशक व त्यांची उद्दिष्टे दिली आहेत : नळजोडण्यांची व्याप्ती (१००%), दरडोई दररोज पुरवठा (१३५ लि.), जलमापक बसविलेल्या जोडण्या (१००%), महसूल न देणारे पाणी (२०%), पुरवठ्याचे सातत्य (२४ तास), पाण्याची गुणवत्ता (१००%), तक्रारनिवारण (८०%), खर्चाची भरपाई (१००%) व देयकांची वसुली (९०%). महसूल न देणारे पाणी म्हणजे शुद्ध करून वितरणात सोडलेले, परंतु ज्याची आकारणी होत नाही असे पाणी. गळती, अनधिकृत जोडण्या, सदोष जलमापक व विनामूल्य वापर यांचा त्यात समावेश होतो.

सरासरीच्या मर्यादा : परभणी जिल्ह्यातील पूर्णासारख्या लहान नगरपरिषदेच्या शहराचे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. लोकसंख्या ४०,००० व शुद्धीकरण केंद्रातून सोडलेले पाणी प्रतिदिनी ४० लाख लि. असल्यास दरडोई पुरवठा १०० लि. भरतो, पण वाटेत ३५% गळती झाल्यास घरी ६५ लिटरच पोहोचते. पाणी चार दिवसांतून एकदा येत असेल, तर पाच माणसांच्या कुटुंबाला उरलेल्या तीन दिवसांसाठी ९७५ लि. साठवण लागते. ज्यांच्या घरी २०० लिटरचे एकच पिंप आहे, त्यांना त्या दिवसांत माणशी रोज सु. १३ लि. पाणी मिळते. सरासरी मात्र सर्वांची एकच राहते. शिवाय रिकाम्या नळांतील दाब नाहीसा झाल्याने गळतीच्या जागांतून सांडपाणी आत शिरू शकते; म्हणून सातत्याचा निर्देशक गुणवत्तेशीही निगडित आहे.

विश्वसनीयता : पाणी कोठे मोजले व प्रत्यक्ष मापकाने मोजले की पंप चालल्याच्या तासांवरून अंदाजिले, हे कळल्यावाचून तुलना न्याय्य ठरत नाही. यास्तव उपर्युक्त मार्गदर्शिकेत प्रत्येक आकड्यास विश्वसनीयतेच्या चार श्रेणींपैकी एक देण्याची तरतूद आहे. जेथे मापक नाहीत, तेथे गळतीचा अल्प आकडा कार्यक्षमतेऐवजी मापनाचा अभावच दर्शवीत असण्याचा संभव असतो.

उद्‌गमाचा प्रश्न : या नऊ निर्देशकांत जलस्रोताच्या शाश्वतीचा अंतर्भाव नाही. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूर शहराला एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात कार्यमापन करताना वितरणाबरोबरच उद्‌गमात शिल्लक असलेला साठा किती महिने पुरेल, हेही नोंदविणे आवश्यक ठरते.