मोटारीच्या एंजिनातील निर्वात-नळ्या

चंडीगडला लागून असलेले पंजाबातील झिरकपूर हे अंबाल्याहून काल्क्यास व पुढे सिमल्यास जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. कार्ब्युरेटरची जुनी मोटार घेऊन या वाटेने डोंगर चढणाऱ्याने निघण्यापूर्वी एंजिनावरील रबरी नळ्या तपासून पाहाव्यात. त्यांपैकी काही नळ्यांतून पेट्रोल वाहत नाही की पाणी. त्यांत अंशतः निर्वात असतो. ठिणगी केव्हा पडावी, ब्रेकला किती साहाय्य मिळावे, हे त्यावर अवलंबून असते.

हा निर्वात कसा उत्पन्न होतो? दट्ट्या खाली सरकताना हवा ओढून घेतो. परंतु थ्रॉटलची झडप मिटलेली असली म्हणजे हवेची वाट अडते व झडपेखालील शोषण-नलिकेतील दाब उतरतो. सुस्थितीतील एंजिन समुद्रसपाटीजवळ मंद चालत असता हा दाब बाहेरील दाबापेक्षा पाऱ्याच्या सुमारे ४५० ते ५३० मिलिमीटरांनी कमी असतो. झडप पूर्ण उघडली की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

बारीक नळ्यांची तोंडे दिसायला सारखी असली, तरी त्यांची कार्ये भिन्न असतात. एक तोंड झडपेच्या खाली उघडते. तेथे एंजिन मंद चालत असताही निर्वात असतो. दुसरे मिटलेल्या झडपेच्या किंचित वर असते. झडप थोडी उघडल्यावरच तेथे निर्वात पोहोचतो. पुष्कळ गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरची नळी या दुसऱ्या तोंडास जोडतात. हलक्या भाराखाली विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून निर्वात डिस्ट्रिब्यूटरमधील पडदा ओढून ठिणगी लवकर पाडतो. तीच नळी चुकून पहिल्या तोंडास जोडली, तर मंद चालतानाच ठिणगी लवकर पडते व एंजिनाचे फेरे वाढतात. मग स्क्रू फिरवून फेरे कमी केले, तरी मूळ दोष तसाच राहतो. काही गाड्यांत मात्र पहिलेच तोंड योग्य असते; म्हणून निर्मात्याची आकृती हाच खरा आधार होय.

ज्या गाड्यांत ब्रेकला निर्वाताचे साहाय्य असते, त्यांत जाड नळी सरळ शोषण-नलिकेपासून निघते. तिच्यात एकमार्गी झडप असते. एंजिन थांबले तरी एकदोन वेळा ब्रेक लावण्यापुरता निर्वात ती राखून ठेवते. झडप उलटी बसली किंवा नळी फुटली, तर हे साहाय्य नाहीसे होते व उतारावर पायास फार जोर करावा लागतो.

सिमला सुमारे २,२०० मीटर उंच आहे. दर ३०० मीटर चढल्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरांनी घटतो. त्यामुळे तेथे निर्वातमापकाचा काटा कमी अंक दाखवील. तो बिघाड समजू नये.

नळ्या काढण्यापूर्वी प्रत्येकीस खूण करावी. भेगाळलेली नळी बदलावी व रिकामे तोंड बुचाने बंद करावे. कारण तेथून शिरणारी हवा मिश्रण विरळ करते. २००० साली देशभर उत्सर्जनाच्या कडक मर्यादा लागू झाल्यावर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला. परंतु जुनी मोटार सांभाळणाऱ्यास हे ज्ञान आजही आवश्यक आहे.